न कापलेला पाव

धुक्यात गाडी दिसत नाही, आधी ऐकू येते. कॅलिफोर्नियाच्या या खोऱ्यात थंडी पडली की जमिनीतूनच धुकं वर येतं, आणि रस्त्यापलीकडच्या बदामाच्या बागाही नाहीशा होतात. अशा सकाळी मी दार उघडून उंबऱ्यात उभी राहायचे आणि नुसते कान लावायचे. रूबेन व्हॅनचा हॉर्न हलकेच वाजवायचा. तो ऐकला की मी आत ओरडायचे, "जेर्मानो, आली रे!"

जेर्मानो माझा नवरा. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या गाईंचं दूध काढलं. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार शहरातल्या डायलिसिस केंद्रात एक यंत्र त्याचं रक्त काढतं, धुतं आणि परत आत सोडतं. "आयुष्यभर गाईंना नळ्या लावल्या," तो म्हणतो, "आता वर बसून सगळ्या हसत असतील मला." मला काही हसू येत नाही. शहर हायवेच्या पार पलीकडे आहे. माझ्या डोळ्यांचा पडदा खराब झाला तेव्हा मोटारखात्याने माझं लायसन्स काढून घेतलं, आणि आमचा मुलगा एदुआर्दो गाई घेऊन आयडाहोत गेला, कारण इथे पाणी उरलं नाही. राहता राहिली व्हॅन.

व्हॅन डिस्ट्रिक्टची. आमच्या आजोबांच्या पिढीने गावात दवाखाना हवा म्हणून स्वतःवरच कर बसवून घेतला होता, त्याचं हे डिस्ट्रिक्ट. दवाखाना कधीच बंद पडला, त्याच्या छपरात घुबडं राहतात. कर मात्र चालू राहिला, आणि त्याचं काय करायचं ते ठरवायला आम्ही पाच माणसं निवडून देतो. दवाखाना चालवायला जमत नाही तर निदान लोकांवर दवाखान्याची पाळी येऊ नये एवढं बघा, असं मागेच ठरलं. म्हणून म्हाताऱ्यांना दुपारचं गरम जेवण आहे, गुडघे धरलेल्यांसाठी कोमट पाण्याचा तलाव आहे, वणव्यांचा धूर आला की घरोघर हवा गाळायची यंत्रं येतात. तलावात मी स्वतः जाते. तिथे व्यायाम कमी आणि चहाड्या जास्त होतात, पण गुडघे खरंच सुधारतात.

यंदा कर कमी आला. अध्यक्ष दारलीन प्रुइट, तिचे वाडवडील ओक्लाहोमाहून धुळीच्या वादळांना कंटाळून इथे आले होते, तिने नोव्हेंबरच्या सभेत स्पष्ट सांगितलं की जेवण आणि तलाव ठेवून पुढे एकच गोष्ट करता येईल. एक तर व्हॅन चालू ठेवायची, नाहीतर शाळेला पूर्णवेळ नर्स द्यायची. डिसेंबरच्या सभेत मत घ्यायचं. व्हॅनचा करार वर्षअखेरीस संपत होता.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. मला मागचा हिवाळा आठवत होता. रूबेन आजारी पडला होता, म्हणून काउंटीची सरकारी गाडी सांगितली. काउंटीची गाडी आलीच नाही. संध्याकाळपर्यंत जेर्मानोचे पाय भोपळ्यासारखे सुजले, त्याला आडवं होता येईना, खुर्चीत बसून तो श्वास ओढत होता आणि मला म्हणत होता, "इदालिना, टीव्हीचा आवाज वाढव." त्याच्या छातीतली घरघर मला ऐकू जाऊ नये म्हणून. ती घरघर माझ्या कानातून अजून गेलेली नाही.

पाच जणांची मतं मी मनात मोजत बसायचे. दारलीन नर्सच्या बाजूची, दंतवैद्य गिलही नर्सच्या बाजूचे. टँकरवाला लिओनेल आमचा माणूस. भाजीच्या दुकानाचा मालक थाओ, तोही बहुतेक आमचा. उरली ओर्तेन्सिया.

ओर्तेन्सिया माझी कोमाद्रे, म्हणजे माझ्या एदुआर्दोची धर्माची आई. आम्ही दोघी समुद्रापलीकडच्या एकाच बेटावरून आलेल्या घरांतल्या, गावातल्या आमच्या समाजाच्या एकाच हॉलमध्ये लग्नं झालेल्या. तिने उमेदीची सगळी वर्षं शाळेची बस चालवण्यात घालवली. गावातलं एकही पोर असं नाही ज्याला तिने "पाय आत घे रे गाढवा" म्हटलं नसेल. तिचं मत आपलंच, असं कुणीही म्हटलं असतं. पण ती काही बोलत नव्हती.

बोलायची सोयही नव्हती म्हणा. राज्याचा कायदा असा आहे की पाचांतले तीन जण एकत्र येऊन डिस्ट्रिक्टच्या कामाबद्दल बोलले, की ती सभा होते. आणि सभा घ्यायची तर आधी जाहीर करून, दार उघडं ठेवून, गावासमोर. मोठ्या शहरात ठीक असेल हे. आमच्या गावात तीन माणसं एकत्र येत नाहीत अशी जागा दाखवा मला! हॉलच्या स्वयंपाकघरात पवित्र आत्म्याच्या सणाचं जेवण रांधायला ओर्तेन्सिया मांसाच्या पातेल्यापाशी, लिओनेल सरपणापाशी, आणि दारलीन, आमच्या धर्माची नसली तरी, कोबी चिरायला हजर. तिघं एका छपराखाली आले की लिओनेल ओरडतो, "हवामान! फक्त हवामान!" मग सगळे मुकाट्याने धुक्याबद्दल बोलतात. आम्ही बाकीच्या बायका हसून हसून रडतो.

हसले होते ना मी, म्हणूनच कायदा नीट ऐकला नाही. मला वाटलं की त्या तिघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. मी बोलले तर काय? मी कोण? मी तर आपली जेर्मानोची बायको.

आमच्यात सणाच्या कामाला माणसं कशी जमवतात तर गोड पाव घेऊन. अंडी, लोणी, लिंबाची साल घालून रात्रभर फुगवलेला मोठा गोल पाव, स्वच्छ रुमालात बांधून दारोदार न्यायचा. काम काय ते सांगायचं आणि पाव पुढे करायचा. समोरच्याने दोन्ही हातांनी घेतला की शब्द दिला. मग त्याच्याकडे मयत झालं तरी तो कामाला येतो. माझ्या आईने असंच केलं, तिच्या आईने बेटावर असंच केलं. म्हणून मी पीठ मळायला घेतलं.

"कुणासाठी चाललंय एवढं?" जेर्मानोने स्वयंपाकघरात डोकावून विचारलं.

"तुझ्यासाठी."

"मला तर गोड बंद आहे."

"म्हणूनच तुला देत नाहीये. जा, बस तिकडे."

पहिला पाव लिओनेलकडे नेला. तो गॅरेजमध्ये ट्रॅक्टरखाली होता, नुसते बूट दिसत होते. बुटांनाच मी सगळं सांगितलं. तो सरपटत बाहेर आला. "अगं, यात विचारायचं काय इदालिना? मला पहिली नोकरी जेर्मानोने मिळवून दिली. व्हॅन म्हणजे व्हॅन." काळ्याकुट्ट हातांनीच, पण दोन्ही हातांनी त्याने पाव घेतला आणि तिथेच तोडून तोंडात टाकला.

तिथून मी थाओच्या दुकानात गेले. थाओ दुसऱ्याच मुलखातून आलेल्या हमोंग लोकांतला, आमच्या पावाचं त्याला काय, पण इतकी वर्षं गावात राहून त्यालाही रीत ठाऊक झाली आहे. तो मुळ्यांवर पाणी मारत होता. "बाई, माझी आई शेवटी शेवटी त्याच व्हॅनने जायची," तो म्हणाला. मग जरा थांबून, "लिओनेल काय म्हणतो?"

"तो आपल्याबरोबर आहे. पाव खाल्लाय त्याने."

"मग ठीक आहे." त्याने पँटला हात पुसले आणि दोन्ही हात पुढे केले. वर मला कोथिंबिरीची जुडी दिली. मी घरी परत येताना चक्क गुणगुणत होते.

ओर्तेन्सियाकडे मी मुद्दाम शेवटी गेले. पाव भट्टीतून नुकताच काढला होता, रुमालातून हाताला चटका बसत होता. तिने दार अर्धंच उघडलं, कारण तिचा तो बिनकामाचा कुत्रा बाहेर पळायला टपलेला असतो. एक हात दारावर, गुडघा कुत्र्याच्या छातीवर.

"कोमाद्रे," मी म्हटलं, "मंगळवारच्या सभेसाठी आलेय."

"इदालिना, मला त्याबद्दल बोलता येत नाही."

"तू नको ना बोलूस. मीच बोलते. लिओनेल आणि थाओ दोघंही व्हॅनच्या बाजूने आहेत. दोघांनीही पाव घेतलाय." आणि मी पाव पुढे केला.

ती पावाकडे बघत राहिली. कुत्रा भुंकायला लागला. मग तिने एका हाताने पाव घेतला, छातीशी धरला आणि म्हणाली, "गरम आहे गं अजून." दार लागलं.

एका हाताने. ते माझ्या डोळ्यांना दिसलं होतं. डोळे खराब असले तरी इतके खराब नाहीत. पण मी मनाला सांगितलं की दुसऱ्या हातात दार होतं, कुत्रा होता, माणूस काय करणार! घरी येऊन जेर्मानोला म्हटलं, "झालं काम. तीन झाले."

"ओर्तेन्सिया हो म्हणाली?"

"पाव घेतला."

"ती हो म्हणाली का, हे विचारतोय मी."

"तुला आमच्यातलं काही कळत नाही," मी म्हटलं. त्याचा जन्म त्याच बेटावरचा, सगळं कळत होतं त्याला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

सभा ग्रंथालयाच्या खोलीत होती. लांब टेबलामागे पाच जण, कोपऱ्यात शहरातून येणारी तरुण वकीलबाई, आणि समोर आम्ही घडीच्या खुर्च्यांवर. एरवी सभेला चार टाळकी असतात. त्या दिवशी बसायला जागा नव्हती, कारण शाळेतल्या मुलांच्या आया आल्या होत्या. ओर्तेन्सिया आत आली तेव्हा मी तिला हात केला. तिने हातातली पिशवी टेबलाखाली ठेवली आणि कागद चाळायला लागली.

लोकांनी बोलायची वेळ आली. आधी एक येसेनिया नावाची बाई उठली. अंगावर कामाचे कपडे, केसांत धूळ. "मी बदाम झाडायच्या कामावर होते," ती म्हणाली. "फोन वाजला, पण हातमोजे काढेपर्यंत बंद झाला. परत केला तर शाळेची सेक्रेटरी रडत होती. माझ्या मुलाला दम्याचा झटका आला होता आणि त्याचा फवारा कपाटात कुलपात होता. किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी शिपायाने कपाट फोडलं." ती थांबली. "माझा मुलगा वाचला. पण प्रत्येक वेळी शिपाई जवळ असेल असं नाही ना." एवढं बोलून ती बसली. आपल्या वाट्याची वेळही तिने पुरती वापरली नाही.

मी खरं सांगते, तेव्हा मला ती बाई आवडली नाही. तिचं बोलणं खरं होतं म्हणूनच आवडली नाही. तिच्या पोराचा श्वास आणि माझ्या नवऱ्याचा श्वास असे समोरासमोर उभे राहिले होते, आणि मला वाटत होतं की हिला आजच यायचं होतं का.

मग माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर गेले. समोरचा छोटा दिवा हिरवा झाला, म्हणजे माझी बोलायची वेळ सुरू झाली. मी घरून सगळं पाठ करून आले होते: केंद्र किती लांब आहे, धुकं कसं पडतं, काउंटीची गाडी कशी येत नाही. पण येसेनियाच्या बोलण्याने खोलीत जे झालं होतं ते मला जाणवत होतं, आयांच्या माना हलत होत्या, गिल डोळे पुसत होते. आता हरले, असं वाटलं. आणि मग, उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हणून बसले:

"हे बघा, उगाच वेळ कशाला घालवता? तिघांनी मला आधीच शब्द दिलाय. नुसते हात वर करायचे बाकी आहेत."

लिओनेलने डोळे मिटून घेतले. थाओ टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघायला लागला. वकीलबाई उभी राहिली.

"कोणत्या तिघांनी, बाई?"

आता कशाला बोलते!

"मॅडम अध्यक्ष," वकीलबाई दारलीनला म्हणाली, "मला सभासदांना विचारावं लागेल." आणि तिने एकेकाला विचारलं. लिओनेल म्हणाला, हो, इदालिना आली होती, मी हो म्हणालो. थाओ म्हणाला, हो, आणि लिओनेलचं मत काय ते मला तिच्याकडूनच कळलं. माझे कान तापून लाल झाले असणार.

वकीलबाईने आम्हा सगळ्यांना सावकाश समजावलं. तीन सभासद एका खोलीत आले तरच सभा होते असं नाही. एक माणूस एकाचं मत दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याचं तिसऱ्याकडे घेऊन फिरला आणि तिघांचं जमलं, तरी ती चोरून घेतलेली सभाच. "तिसऱ्या सभासदानेही होकार दिला असेल, तर आज यावर मत घेता येणार नाही. विषय पुढच्या महिन्यावर जाईल. तोपर्यंत नवा करार नाही. व्हॅनचा नाही, नर्सचाही नाही."

आयांमध्ये कुजबुज झाली. येसेनियाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती, हिशेब न लागल्यासारखी. पुढचा महिना म्हणजे धुक्याचा सगळ्यात वाईट महिना, आणि मी, मीच, व्हॅन बंद पाडली होती. दोघांचं नुकसान एका वाक्यात. मला खाली बसायचंही सुचेना.

"श्रीमती मेंदोन्सा," वकीलबाईने ओर्तेन्सियाला विचारलं, "तुम्ही शब्द दिला होता?"

ओर्तेन्सिया उठली. तिने टेबलाखालची पिशवी उचलली, टेबलाला वळसा घातला आणि सगळ्या गावासमोर माझ्यापर्यंत आली. पिशवीतून माझाच रुमाल निघाला, गाठ मी बांधली होती तशीच. तिने गाठ सोडली. आत पाव, अख्खा. सुरी लागली नव्हती.

"मी काही बोलले होते का तुझ्याशी?" तिने विचारलं.

"गरम आहे म्हणालीस."

कुणीतरी हसलं. ओर्तेन्सिया हसली नाही. "दोन्ही हातांनी घेतला होता का मी, इदालिना?"

मला खोटं बोलता आलं असतं. अख्ख्या खोलीत हे ठाऊक असणाऱ्या आम्ही दोघीच होतो. "नाही," मी म्हटलं. "एका हाताने."

"सभा सुरू व्हायच्या आधीच परत करणार होते," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पण तू मला हात केलास. मग धीर झाला नाही." तिने पाव माझ्या हातात ठेवला आणि परत जाऊन बसली.

वकीलबाई गोंधळून गेली होती. "माफ करा, या पावाचा संबंध काय?"

"हे बघा, पाव दोन्ही हातांनी घेतला तर करार," लिओनेल म्हणाला. "एका हाताने घेतला तर नुसता पाव."

वकीलबाईने काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाली की तिसऱ्या सभासदाने होकार दिलेला नाही, झालेली बोलणी सगळ्यांसमोर उघड झाली आहेत, तेव्हा मत घ्यायला हरकत नाही.

दारलीनने मत पुकारलं. व्हॅनला लिओनेल, थाओ. नर्सला दारलीन, गिल. ओर्तेन्सियाची पाळी आली तेव्हा मी पाव इतका घट्ट धरला होता की त्यात बोटं रुतली.

"मी बस चालवायचे," ओर्तेन्सिया म्हणाली. "धुक्यात मागे भरलेली पोरं असायची. त्यातलं एखादं खोकायला लागलं, ओठ निळे पडायला लागले, तर बस उभी करायची की दामटायची? मला काय कळणार? मी ड्रायव्हर. देवाने निभावलं. मी नर्सला मत देते."

आयांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून बाहेर आले.

घरी जेर्मानो जागाच होता. "काय झालं?"

"नर्स."

"चला," तो म्हणाला, "म्हणजे फ्लूचं इंजेक्शन आता गावातच." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने टीव्ही बंद केला. मी रडले. सभेतलं सगळं सांगितलं, पावाचंही. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मी तिथे असतो तर मीही पोरालाच दिलं असतं गं."

"मग मर," मी म्हटलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द मी त्याला कधी म्हटला नव्हता. त्याने माझा हात धरला, त्याच्या त्या नळीवाल्या, फुगलेल्या शिरेच्या हाताने.

त्यानंतरचे दिवस मी फोनवर काढले. काउंटीला फोन, विमावाल्यांना फोन, चर्चला फोन. काउंटीवाले म्हणाले, नाव घातलंय, गाडी येईल, पण नक्की सांगता येत नाही. एदुआर्दो म्हणाला, आई, इकडे या. इकडे म्हणजे बर्फात, जिथे केंद्र इथल्याहूनही लांब. ओर्तेन्सियाचे फोन येत होते. नाव दिसलं की मी फोन पालथा घालायचे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? तलावावर जाणंही मी सोडलं. तिथे सगळ्या तोच विषय काढणार.

पाव फ्रिजवर पडून होता. आमच्यात पाव टाकत नाहीत आणि तो खायची माझी इच्छा नव्हती. जेर्मानो येता-जाता त्याच्याकडे बघायचा.

वर्ष संपलं. रूबेनने शेवटच्या फेरीला हॉर्न वाजवला आणि खाली उतरून जेर्मानोला मिठी मारली. मी आतूनच पाहिलं.

मग तो सोमवार आला. उठले तेव्हा खिडकीबाहेर कुणी चादर टांगल्यासारखं धुकं होतं. जेर्मानोने कोट घातला, टोपी घातली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसला. काउंटीची गाडी यायची वेळ झाली आणि टळली. मी फोन लावला. संगीत वाजत राहिलं. मी फोन कानाला धरूनच दारात उभी राहिले आणि सवयीने कान लावले. बागांकडून काहीही ऐकू येत नव्हतं. जेर्मानोचे मोजे मी सकाळीच पाहिले होते, घोट्यापाशी आत रुतले होते. शनिवार-रविवारची सुट्टी त्याला नेहमीच जड जाते.

"टीव्ही लाव जरा," तो आतून म्हणाला.

"का?" मी एकदम वळले.

"बातम्या बघायच्यात गं. घाबरू नकोस."

मी टीव्ही लावला नाही. मला त्याचा श्वास ऐकायचा होता. फोनमध्ये संगीत संपून कुणीतरी बाई काहीतरी म्हणाली आणि फोन कट झाला. तेव्हा माझ्या मनात आलं की गाडीची किल्ली कुठे असेल. धुक्यात नाहीतरी कुणालाच दिसत नाही, मग माझ्या डोळ्यांचं काय घेऊन बसायचं. मी खरंच ड्रॉवर उघडला.

इतक्यात हॉर्न वाजला. रूबेनचा नव्हता. लांब, दमदार, शाळेच्या बसवाला हॉर्न देतो तसा, अख्ख्या गल्लीला जागं करणारा.

मी दारात धावले. आधी पिवळे दिवे दिसले, मग ओर्तेन्सियाची ती जुनी लांबलचक गाडी. मागच्या सीटवर दोन जण बसलेले होते, फिलिपिनो म्हातारा बासिलियो आणि कालव्याकाठची विधवा मार्गी, दोघंही व्हॅनने जाणारे. काच खाली झाली.

"जेर्मानो कुठाय? पुढची सीट त्याची. पाय लांब करता येतात."

"तू..." मी म्हटलं, "तू आधी सांगितलं का नाहीस?"

"सभेआधी बोलता येत नव्हतं. सभेनंतर तू फोन उचललास का?" ती गाडीतून उतरली. गुडघ्यांनी कण्हली. "नर्स मला होता येत नाही, इदालिना. ड्रायव्हर होता येतं. शाळेला नर्स मिळायला दुसरी वाट नव्हती. तुला मी होते."

"या धुक्यात? तुझं वय बघ. आणि रोज रोज?"

"रोज नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार," ती म्हणाली. "दारलीन एप्रिलमध्ये परत व्हॅनचा विषय घेणार आहे, कर आला की. तोपर्यंत काढू. पुढचं सभेत बोलू, सगळ्यांसमोर. आता ओरड त्याला, बासिलियोला गारठा लागतोय."

जेर्मानो आपणहूनच बाहेर आला होता. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता. ओर्तेन्सियाने त्याचं बखोट धरलं, त्याला पुढच्या सीटवर बसवलं, आणि सवयीने म्हणाली, "पाय आत घे रे गाढवा." तो हसला. मला त्याच्या छातीतून घरघर ऐकू आली, पण तो हसला.

ती वळून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. धुक्याने तिच्या भुवया ओल्या झाल्या होत्या.

"पाव टाकलास?"

"आमच्यात पाव टाकतात का?"

"मग आण."

मी आत गेले. फ्रिजवरून पाव काढला. रुमाल तोच होता. पाव दगड झाला होता, माझ्या बोटांचे खड्डे तसेच त्यात वाळले होते. मी दारात आले आणि तो पुढे केला.

ओर्तेन्सियाने गाडीची किल्ली दातांत धरली आणि दोन्ही हातांनी पाव घेतला.